यजमानाची खोली

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही डिस्नीच्या पार्कांतली बोटीची राइड जगात पाच ठिकाणी आहे: कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला, फ्लोरिडात, टोकियोत, पॅरिसजवळ आणि हाँगकाँगला. पाचही ठिकाणी बोट तशीच, गाणं तेच, बाहुल्याही जवळजवळ त्याच. एक पाहिली की बाकीच्या पाहायची गरज नाही असं माझ्या नवऱ्याचं मत आहे, आणि डिस्नीच्या तिकिटांचे दर बघता त्याला अगदीच वेड्यात काढता येत नाही. पण मी पार्कात शिरले की आधी त्याच रांगेत जाऊन उभी राहते. रोलर कोस्टरवाले तिकडे किंचाळत असतात आणि मी बोटीत बसून देश बघते. कुठल्या देशाला किती जागा मिळाली, कोण दारात आहे, कोणाला कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलंय, आणि ज्याच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे त्या यजमानाने स्वतःसाठी कुठली खोली ठेवून घेतली आहे.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. वीसेक माणसं मावतील अशी बसकी बोट असते. ती पाटाच्या पाण्यातून हळूहळू एका मोठ्या इमारतीत शिरते. आत अंधार, पण घाबरवणारा नव्हे. हव्या त्या रंगावर हवा तेवढाच उजेड पाडता यावा म्हणून मुद्दाम केलेला. अशा बंद इमारतीतल्या राइडना सरसकट डार्क राइड म्हणतात, मग आत भुतं असोत नाहीतर परीकथा. इथे दोन्ही काठांवर देशोदेशीच्या पोशाखातल्या मुलांच्या बाहुल्या आहेत. त्या नाचतात, माना डोलावतात आणि एकच गाणं पुन्हापुन्हा गातात. दहा-पंधरा मिनिटांत जग संपतं.

मी सदाशिव पेठेत वाढले, त्यामुळे हलत्या बाहुल्यांकडे बघायची माझी नजर गणपतीत तयार झाली. दिवे मालवायचे, धीरगंभीर आवाजात ‘साल १६६६, आग्रा’ असं निवेदन सुरू व्हायचं, पडदा सरकायचा आणि महाराजांचे पेटारे खांद्यावर घेतलेले भोई हलायला लागायचे. भोयांचे पाय कधीच हलत नसत, फक्त पेटारा खालीवर व्हायचा. माझ्या भावाला त्यामागची मोटर बघायची असायची. गाडीच्या वायपरची जुनी मोटर, तिला एक पट्टी, पट्टीला दोरी, की तोफेवरचा मावळा दिवसभर मान हलवतोच. तुळशीबागेच्या गणपतीसमोर आमचे वडील आम्हाला जरा जास्त वेळ थांबू द्यायचे, तिथे डी. एस. खटावकरांचं काम असायचं आणि ते नीट बघितलंच पाहिजे असा घरातला दंडक होता. बाकी सगळीकडे शिट्टी वाजायची. ‘चला, पुढे सरका, मागे माणसं थांबलीयेत.’

डिस्नीने त्या शिट्टीवाल्या कार्यकर्त्याच्या जागी पाणी आणलं, एवढाच मूळ फरक. देखाव्यात बाहुल्या हलतात आणि माणसांना हलवावं लागतं. बोटीत माणसाला कळतही नाही की तो रांगेतच आहे आणि पुढे ढकलला जातोय. गर्दीचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

आणि तो तिकडे फार मोठा होता. ही राइड मुळात पार्कासाठी केलेलीच नाही. १९६४ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात युनिसेफसाठी एक दालन उभं राहिलं आणि त्याचा खर्च पेप्सी-कोलाने उचलला. डिस्नीच्या हातात त्याच प्रदर्शनाची आणखी तीन कामं होती आणि हे चौथं अगदी शेवटी आलं. वर्षभराहूनही कमी वेळ मिळाला. ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने बोटींचा पाट आणि बोटी पाण्याच्या जोरावर ढकलण्याची योजना बसवली. ती इतकी चोख चालली की समुद्री चाच्यांची जी सफर डिस्नीच्या मनात पायी फिरून बघायची होती तीही १९६७ साली बोटीतूनच सुरू झाली. प्रदर्शन संपल्यावर बाहुल्यांचं जग गुंडाळून कॅलिफोर्नियाला नेलं आणि २८ मे १९६६ रोजी ॲनाहाइमला ते पुन्हा उघडलं. उद्घाटनाला जगभरच्या समुद्रांचं पाणी आणून त्या पाटात ओतलं होतं. आपल्याकडे सप्त नद्यांचं जल आणून कलशात ओतणारे कमी नाहीत, तेव्हा यात मला काही नवल वाटलं नाही.

गाण्याची गोष्ट मात्र मला पुण्यात राहून जास्त कळली. मूळ बेत असा होता की प्रत्येक देशाच्या बाहुल्या आपापलं राष्ट्रगीत गातील. करून बघितलं तर नुसता गोंगाट झाला, कारण एका दालनाचं गीत पुढच्या दालनात ऐकू जात होतं. मग शर्मन बंधूंना, म्हणजे रॉबर्ट आणि रिचर्ड यांना, सगळ्यांसाठी एकच गाणं करायला सांगितलं. त्यांनी ते असं बांधलं की कडवं आणि धृपद एकाच वेळी, एकावर एक गायलं तरी बेसूर होत नाही. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत मिसळलं तरी चालतं. सदाशिव पेठेत ज्यांनी दोन मंडळांच्या मधल्या घरात दहा दिवस काढले आहेत त्यांना या युक्तीचं मोल सांगायला नको. आमच्या डाव्या कानात आग्र्याहून सुटका आणि उजव्या कानात गजेंद्रमोक्ष. शेवटी दोन्ही मंडळांनी पाळीपाळीने पडदा उघडायचं ठरवलं. म्हणजे आम्ही वेळ वाटून घेतला, त्यांनी चाल वाटून घेतली. ते गाणं डोक्यात बसतं आणि रात्री झोपू देत नाही, ही तक्रार जगभर आहे. माझीही आहे.

बाहुल्यांचं रंगरूप मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचं. तिने खंडांना रंग वाटून दिले: मध्यपूर्वेला पिवळे, लॅटिन अमेरिकेला गुलाबी आणि नारिंगी, आफ्रिकेला निळे-हिरवे. शेवटच्या दालनात सगळे देश एकत्र येतात आणि सगळ्यांचे कपडे पांढरे होतात. चेहरे मात्र पहिल्यापासून एकाच घडणीचे. फक्त कातडीचा रंग, केस आणि कपडे वेगळे. यावर टीका करता येते आणि झालीही आहे. पण ही बाई कागद कापून चिकटवावा तसं जग मांडायची. त्यात माणूस कमी, नक्षी जास्त. त्यामुळे ते जुनं होत नाही.

आता यजमानाकडे येते.

मूळ मांडणीत अमेरिकेला स्वतःची खोली नव्हती. कॅलिफोर्नियात मी नणंदेबरोबर पहिल्यांदा बसले तेव्हा हे वाचून गेले होते, म्हणून नीट लक्ष ठेवलं. सुरुवातीला बर्फावर घसरणारी स्कँडिनेव्हियाची पोरं, मग इंग्लंड, पवनचक्क्या, आयफेल टॉवर आणि त्याखाली कॅन-कॅन नाचणाऱ्या मुली. पुढे आशिया, आफ्रिका, दक्षिणेकडचे समुद्र. १९६४ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, न्यूयॉर्कमध्येच उभारलेल्या जगात अमेरिकेने स्वतःला जवळजवळ वगळलं होतं. शेवटच्या पांढऱ्या दालनात एक काउबॉय आणि शेजारी मूळनिवासी पोशाखातला मुलगा, बस्स. ही मला त्या राइडमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पाहुण्यांची पंगत बसवायची आणि आपण वाढायला उभं राहायचं, ही रीत आपल्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

पण मी बसले त्या बोटीतून हे दिसलं नाही, कारण तोवर ती रीत मोडली होती. २००८ साली ही राइड दुरुस्तीसाठी बंद केली आणि २००९च्या फेब्रुवारीत ती उघडली तेव्हा दक्षिण समुद्र आणि शेवटचं दालन यांच्या मध्ये अमेरिकेचा देखावा आला होता. सोबत अलादिन, मुलान, ॲलिस, पिनोकियो असे डिस्नीचे स्वतःचेच पात्रलोक बाहुल्यांत मिसळले होते. हे बदल होणार अशी कुणकुण लागल्यावर चाहत्यांनी बराच आरडाओरडा केला, मेरी ब्लेअरच्या मुलाने जाहीर पत्र लिहिलं आणि डिस्नीच्या मार्टी स्क्लार यांना त्याला उत्तर द्यावं लागलं. वाढायला उभा असलेला यजमान पंचेचाळीसेक वर्षांनी पंगतीत बसला, आणि येताना घरातली पोरंही घेऊन आला.

नणंदेला यात वावगं काही दिसत नव्हतं. ‘अगं, त्यांचाच पार्क आहे ना?’ असं म्हणून ती चुरो आणायला गेली.

पॅरिसची गंमत उलटी आहे. तिथलं पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलं तेव्हा फ्रान्सचे बुद्धिवंत भडकले होते की ही अमेरिकेची सांस्कृतिक घुसखोरी आहे. त्याच पार्कातल्या या राइडमध्ये अमेरिका आणि कॅनडाला पहिल्यापासून वेगळा भाग आहे. कारण साधं आहे. पॅरिसहून बघताना अमेरिका हा परदेश, त्यामुळे जसा हॉलंड पवनचक्कीसकट मांडायचा तशीच अमेरिकाही मांडायची. म्हणजे जी खोली ॲनाहाइमला आगाऊपणाची वाटते तीच पॅरिसला बिनचूक बसते. बाहुल्या तेवढ्याच, गाणं तेच. बोटीचा धक्का कुठल्या देशात आहे त्यावर सगळं फिरतं. आमच्या टूरवाल्याने या पार्काला अर्धाच दिवस दिला होता. त्यात जेवणाच्या थाळीसाठी एक तास गेला, म्हणून पॅरिसबद्दल याहून अधिक सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

फ्लोरिडाची फक्त यूट्यूबवर पाहिली आहे. तिथे बाहेर घड्याळाचा मनोरा नाही. ॲनाहाइमला तो आहे, पांढरा-सोनेरी, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यातून बाहुल्यांची मिरवणूक निघते. फ्लोरिडाची सगळी मांडणी छपराखाली आहे. पण तिथलं पाणी मला आवडलं. पाट न दिसता अख्ख्या दालनात पाणी भरल्यासारखं वाटतं, देश पाण्यात उभे आणि बोट त्यांच्या मधून. बरसातीत सिंहगड रस्त्याला कधीकधी असं दिसतं, पण तिथे गाणं नसतं.

टोकियोचं पार्क १५ एप्रिल १९८३चं आणि ही राइड त्याच दिवसापासूनची. पार्क चालवणारी ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी. तिने डिस्नीला बजावलं होतं म्हणतात की आम्हाला जपानी छाप नको, खरंखुरं अमेरिकेतलं पार्क हवं. पावसासाठी दुकानांच्या रस्त्यावर छप्पर घातलं, एवढी तडजोड केली. परकेपणा हाच तिथे विकायचा माल होता. नवरा कामानिमित्त तिकडे होता तेव्हा मी एका सकाळी एकटीच गेले. जपानी मुलं त्या गाण्याच्या जपानी ओळी बोटीतून मोठ्याने म्हणत होती आणि पलीकडच्या काठावर किमोनोतल्या बाहुल्या आल्या तेव्हा कोणी वेगळा जल्लोष केला नाही. जपानच्या बाहुल्याही त्यांनी बाहेरच्यासारख्याच बघितल्या, असं मला वाटलं. पुढे २०१८ साली तिथेही सुमारे ४० डिस्नी पात्रं घुसली, तेव्हा आता काय होतं ठाऊक नाही. बहुधा पोरं पात्रंच शोधत असतील.

टोकियोबद्दल आणखी एक, जरा आडवाटेने. त्याच पार्कात विनी द पूची डार्क राइड आहे, ४ सप्टेंबर २००० रोजी सुरू झालेली. हीच गोष्ट सांगणाऱ्या राइड अमेरिकेत, हाँगकाँगला आणि शांघायलाही आहेत. त्यांत गाडी रुळावरून जाते, एकामागून एक, ठरलेल्या वाटेने. टोकियोत रूळच नाहीत. मधाचे मोठे रांजण, प्रत्येकात पाच माणसं, तीन-तीन रांजण एकदम सुटतात आणि आत शिरल्यावर तिघांच्या वाटा वेगळ्या. एकमेकांभोवती गिरक्या घेतात, थांबतात, उड्या मारतात, शेवटी मधाचा वासही येतो. ती राइड बाकीच्यांहून कितीतरी सरस आहे यात वाद नाही. पण तिची तुलना फार लवकर संपते. यंत्र बदललं, पैसा जास्त ओतला, राइड चांगली झाली, पुढे काय बोलणार? ‘स्मॉल वर्ल्ड’मध्ये यंत्र सगळीकडे सारखंच आहे, म्हणून जो फरक उरतो तो निव्वळ स्वभावाचा असतो.

हाँगकाँगला आई बरोबर होती. तिथली आवृत्ती सगळ्यात तरुण, २८ एप्रिल २००८ची, आणि पात्रांची भेसळ सुरू झाली ती इथूनच. पहिल्याच दिवशी ३८ पात्रं. आशियाला या जगात पुष्कळ मोठी जागा दिलेली आहे आणि गाणं कॅन्टोनीज, मँडरिन, फिलिपिन्सची टागालोग अशा भाषांत ऐकू येतं. हाँगकाँगच्या घराघरांत फिलिपिन्सच्या बायका कामाला असतात, रविवारी त्या रस्त्यावर पुठ्ठे अंथरून बसलेल्या आम्ही आदल्याच दिवशी पाहिल्या होत्या. बोटीत आमच्या पुढे तशाच दोघी एका चिनी कुटुंबाच्या पोराला सांभाळत बसल्या होत्या. टागालोग कानावर पडल्याबरोबर त्यांनी पोराला सोडून एकमेकींकडे बघितलं. पात्रं आणल्याबद्दल मी या आवृत्तीला कितीही नावं ठेवली तरी हे तिच्या पारड्यात टाकावंच लागतं.

आईने सगळं शांतपणे पाहिलं आणि धक्क्यावर उतरताना विचारलं, ‘कुठल्या मंडळाचा गं हा?’ मग स्वतःच म्हणाली, ‘निवेदन नाही, तेवढं बरं.’ तिला एकच गोष्ट खटकली होती. सगळ्या देशांची मुलं नाचत होती, अभ्यास कोणीच करत नव्हतं.

आणि भारत? भारत सगळीकडे ताजमहाल आहे. ॲनाहाइमच्या दर्शनी भिंतीवर आयफेल टॉवर, बिग बेन, पिसाचा मनोरा यांच्या जोडीला तो आहे, आत आशियाच्या दालनातही आहे. डिस्नीची ‘सोअरिन’ नावाची दुसरी राइड आहे, खुर्चीत बसवून मोठ्या पडद्यापुढे हवेत उचलणारी. २००१ साली ती फक्त कॅलिफोर्नियावरून उडायची. २०१६ साली तिला जग दाखवायचं ठरलं, तेव्हा भारतातून पुन्हा ताजमहालच निवडला गेला. या राइडचं शेवटचं दृश्य मात्र प्रत्येक शहरात वेगळं आहे. शांघायला शांघायच्या गगनचुंबी इमारती, कॅलिफोर्नियाला डिस्नीलँड, फ्लोरिडाला एपकॉट, टोकियोला डिस्नीसी, ही तिथली डिस्नीचीच पार्कं. जगभर भटकायचं आणि उतरायचं यजमानाच्या अंगणात.

आपल्या जवळचं इमॅजिका, खोपोलीजवळचं, २०१३ साली उघडलेलं. तिथे याच जातीची ‘आय फॉर इंडिया’ नावाची राइड आहे, आणि ती भारताबाहेर जातच नाही. खुर्ची उचलते, देशावरून फिरवते, परत ठेवते. बाहेरच्या जगाची भानगडच नाही. मला ते प्रामाणिक वाटलं. बरोबरच्या भाच्याला ‘अलीबाबा और चालीस चोर’मध्ये बंदुकीने चोर टिपायचे होते, त्यामुळे माझं हे मत त्याने ऐकून घेतलं नाही.

पुण्यात आपण जग मांडत नाही, पण भारत मांडतो. दगडूशेठचा गणपती दरवर्षी कुठल्यातरी दूरच्या देवळाच्या प्रतिकृतीत बसतो. दक्षिणेतलं गोपूर नाहीतर राजस्थानातली महिरप घेऊन मंडप बुधवार पेठेत उभा राहतो आणि आपण ‘या वर्षी कुठलं?’ म्हणून बघायला जातो. तिथे यजमान दूरच्या देवळात पाहुणा होऊन बसलेला असतो. पाचांपैकी एकाही पार्काला ही कल्पना सुचलेली नाही.

हे सगळं ज्ञान घेऊन मी मागच्या गणपतीच्या आधी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या बैठकीत ‘जगभरची मुलं’ असा हलता देखावा सुचवला. आश्चर्य म्हणजे तो मंजूर झाला. मंच वीस फुटांचा, पार्किंगमध्ये. २०१८च्या बंदीपासून थर्माकोल नाही, म्हणून पुठ्ठा आणि कापड. जपान, इजिप्त, ब्राझील, हॉलंड आणि भारत, प्रत्येकी दोन बाहुल्या, एक मोटर. मी ठासून सांगितलं की भारताला स्वतंत्र जागा नकोच, आपण यजमान आहोत, गणपती आहे तेवढा पुरे. त्यावर जी शांतता पसरली ती मोडत सेक्रेटरी काका म्हणाले, ‘आपलंच नाही म्हणजे? वर्गणी कोण देणार?’ मग भारत मध्यभागी, गणपतीच्या शेजारी, असं ठरलं. सी विंगच्या एका मुलाने त्याच रात्री ऑनलाइन तयार ताजमहाल शोधून ठेवला. त्याला मात्र मी कडाडून विरोध केला आणि जिंकले: ताजमहालाऐवजी शनिवारवाडा. नागपूरच्या काकूंनी विचारलं की महाराष्ट्र म्हणजे फक्त शनिवारवाडा का, म्हणून एक वारकरी आणि एक वाघ वाढला.

शेवटी फीत लावून मोजलं. शनिवारवाडा, वारकरी आणि वाघ मिळून आठ फूट, गणपती आणि आरास सहा फूट. जपान, इजिप्त आणि हॉलंडने उरलेले सहा फूट वाटून घेतले. दिल्ली दरवाजाचा एक बुरूज कमी करावा असं मी सुचवून पाहिलं, तर बुरूज कमी केला तर लोक काय म्हणतील, असं मलाच विचारण्यात आलं. ब्राझील जिन्याखाली गेलं. प्लग पॉइंट तिथेच होता, त्यामुळे दहाही दिवस न थांबता नाचलं ते फक्त ब्राझील.